रानडुकराचा शेवटचा घास

१

लुडविक क्नाव्सच्या छातीतून आरपार गेलेली गोळी मागच्या झाडात रुतून बसली होती. ती उकरून काढल्यावर कुणाला काही विचारावंच लागलं नाही. नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरची एवढी जाडजूड गोळी आमच्या शिकारी मंडळात एकाच रायफलीतून सुटते. बाकीचे हलक्या बोअरच्या रायफली वापरतात आणि त्या एकाला हसतात, "डुकरं मारायला निघालायस की रणगाडे?" तो एक म्हणजे विन्को बेन्चिना. एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत तो माझा नवरा होता.

शनिवारी नोव्हेंबरची मोठी शिकार होती. तिसरा हाका संपल्याचं शिंग वाजलं, सगळे मंडळाच्या लाकडी घरापाशी जमले, पण मंडळाचा अध्यक्ष लुडविक आलाच नाही. तो सात नंबरवर, त्याला नेमून दिलेल्या जागेवर, उताणा पडलेला सापडला. रात्र व्हायच्या आत विन्को कोठडीत होता आणि रविवारी सकाळी इन्स्पेक्टर कोबाल माझ्या कारखान्याच्या दारात उभा होता, काखेत रायफलीची पिशवी घेऊन.

"बंदुका दुरुस्त करणाऱ्या तुम्हीच ना, बाई?"

"पाटी वाचता येत असेल, तर मीच."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "काल ही झाडली गेली, एवढं लिहून सही करा. बाकीचं मी बघतो. गावात म्हणतात, ही सही करताना तुम्हाला आनंदच होईल."

"गाव खरं बोलतंय," मी म्हणाले.

आणि ते खोटं नव्हतं. विन्कोने मला ज्या तऱ्हेने टाकलं, ते मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही. त्याला वीस वर्षं आत घालायला माझी एक सही पुरणार होती. मी चष्मा लावला, पेन हुडकलं आणि पिशवी उघडली.

रायफलीचा दस्ता मीच घडवलेला, तीस वर्षांपूर्वी, विन्को डावखुरा म्हणून डाव्या अंगाला वाकवलेला. त्याच अंगाला बाहेरून विन्कोने काडतुसांचा चामडी पट्टा पितळी बकलाने आवळला होता. दुर्बीणही पाच वर्षांमागे मीच बसवली होती आणि सवयीप्रमाणे तिच्या स्क्रूवर लाल रंगाचा ठिपका लावला होता, म्हणजे स्क्रू हलला तर कळावं. तो ठिपका मधोमध तडकला होता. कुणीतरी दुर्बीण काढून पुन्हा बसवली होती.

मी पेन खाली ठेवलं.

२

कारखान्यामागच्या खड्ड्यात साठ पावलांवर कागद लावला आणि दस्ता डाव्या खांद्याला लावून, दुर्बिणीतून नेम धरून दोन गोळ्या झाडल्या. या रायफलीचा धक्का म्हणजे घोड्याची लाथच. दस्ता घट्ट दाबून धरला नाही, तर खांद्याचा खुळखुळा करतो. दोन्ही गोळ्या नेमापासून दीड वीत उजवीकडे लागल्या. एवढी वाकडी दुर्बीण मी जन्मात बघितली नव्हती.

मग दुर्बीण काढली. खाली नळीवर जुना लोखंडी नेम होता, मागे खाच आणि पुढे मणी. दुर्बीण रानात फुटलीबिटली तर हाताशी असावा म्हणून तो ठेवायचा असतो. खाचेची पट्टी वर्षानुवर्षं आडवी पडलेली, तिच्यावर ग्रीस सुकून दगड झालं होतं. आता ते ताजं फुटलेलं दिसत होतं. पट्टी उभी केली आणि तिसरी गोळी झाडली. ती कागदाच्या मधोमध लागली.

"म्हणजे खुन्याने दुर्बीण काढून मारलं," मी कोबालला सांगितलं.

"म्हणजे विन्कोने काढून मारलं. यात वेगळं काय झालं?"

पाच वर्षांपूर्वी दुर्बीण बसवून घेताना विन्को म्हणाला होता, पुढचा मणी त्याला आताशा बटाट्याएवढा दिसतो. साठीच्या डोळ्यांचं असंच होतं. पण मधल्या काळात त्याने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं असेल, मला काय माहीत? कामापलीकडे आम्ही बोलत नाही.

"उद्या सही देते," मी म्हटलं. कोबाल पाय आपटत निघून गेला.

तो जातो न जातो तोच राडो मिहेलिच सरपणाची गाडी घेऊन आला. राडो आमचा वनरक्षक, अडतीस वर्षांचा, आणि या अख्ख्या खोऱ्यात माझ्याशी सरळ बोलणारा एकटाच पुरुष. दर हिवाळ्याआधी तो न सांगता बीचच्या झाडाची लाकडं आणून रचून देतो. आज त्याने गळपट्टा कानापर्यंत गुंडाळला होता, खाली उजवा गाल सुजलेला.

"दाढ," तो म्हणाला. "दोन दिवस जीव खातेय. मावशी, विन्कोचं खरं का?"

"सगळे म्हणतात."

"मग लिहून मोकळ्या व्हा. एवढं सगळं भोगलंत त्याच्यापायी." मी पाव आणि सुकं सॉसेज पुढे ठेवलं. तो त्याच बाजूने चावत चावत बोलत राहिला. "मला आज माझी फरच्या झाडांची रोपं बघायची होती, पण पोलीस सात नंबरकडे फिरकू देत नाहीत. सबंध रानात हाताला लागेल अशी फर तेवढीच आहे, मावशी. कुंपण घातलं म्हणून वाचली, बाहेरची सगळी हरणांनी साफ केली."

त्याने लाकडं नीट रचली, स्लिवोव्काचा, आमच्या आलुबुखाऱ्याच्या दारूचा, एक पेला घेतला आणि गेला. माझ्यासारख्या तोंडाळ बाईवर माया करणारं एक तरी माणूस आहे, असं वाटून मला बरं वाटलं.

दुपारी मी विन्कोला भेटायला पोलीस ठाण्यात गेले.

३

"मजा बघायला आलीस?" गजांपलीकडून विन्को म्हणाला.

"तिकीट नव्हतं, म्हणून आले. तिसऱ्या हाक्याला कुठे होतास?"

"मंडळाच्या घरामागच्या सरपणाच्या खोपटात. दुसऱ्या हाक्यात डुकराने बारूनचं पोट फाडलं. मी त्याला शिवत होतो."

"आणि रायफल?"

"घरात, भिंतीला टांगलेली. सगळे रानात होते. कुणीही उचलली असती."

"साक्षीदार?"

"बारून."

"वा! एकच साक्षीदार आणि तोही कुत्रा."

"माणसांपेक्षा बरा आहे. एकोणीस वर्षं टिकला नसता, पण सोडूनही गेला नसता."

"सोडून कोण गेलं होतं रे?" माझा आवाज चढला. पहाऱ्यावरच्या पोलिसाने दारातून डोकावून पाहिलं. मी श्वास घेतला. "दुर्बीण कधी वाकली?"

"सकाळीच. गाडीतून उतरवताना रायफल दगडावर पडली. पहिल्याच हाक्यात तीस पावलांवरचं डुक्कर हुकलं. सगळे पोट धरधरून हसले. लुडविक तर म्हणाला, या तोफेपेक्षा गोफण आण."

म्हणजे दुर्बीण वाकडी आहे, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"लुडविकशी तुझं भांडण होतं."

"माझ्या वाट्याचं अस्वल मारायची परवानगी त्याने दुसऱ्याला दिली, म्हणून मी त्याला चारचौघांत चोर म्हटलं. अजूनही म्हणतो. मेला म्हणून काय साधू झाला?" मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "बारूनला कालपासून कुणी खायला घातलं नसेल."

"मी तुझी मोलकरीण नाही."

"माझ्यासाठी कोण सांगतंय?"

मी गेले. विन्कोच्या अंगणात बारून कुशीवर पडला होता. त्याला दूध-पाव दिला आणि पोटावरची पट्टी सोडली. आयुष्यात मी इतकी भयंकर शिलाई पाहिली नाही. टाके जखमेच्या बाहेर, एक या गावात तर दुसरा त्या गावात. एके ठिकाणी सुई कातडीत न जाता नुसत्या केसांतून ओवलेली. कुत्र्याला जिवापाड जपणाऱ्या माणसाने लावलेले टाके होते ते, आणि त्याला स्वतःच्या हाताएवढ्या अंतरावरचं धड दिसत नव्हतं.

ज्याला सुई दिसत नाही, त्याला नळीच्या टोकावरचा मणी दिसणार नाही. दुर्बिणीतून नेम धरला असता, तर लुडविक वाचला असता. दुर्बीण काढून विन्कोला नेमच धरता आला नसता.

विन्कोने खून केला नव्हता. त्या अंगणात उभं राहून मला जी निराशा वाटली, ती मी कबूल करून टाकते.

४

सोमवारी मी लुडविकच्या घरी गेले. दार त्याच्या मुलाने, ग्रेगाने उघडलं. एकोणतिशीचा दांडगा गडी. त्याच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखी ताजी जखम होती.

असली जखम कशाची, हे कुठल्याही शिकाऱ्याला विचारलं तरी तो सांगेल. जड रायफल झाडताना डोळा दुर्बिणीच्या फार जवळ ठेवला, की धक्क्याने दुर्बिणीची कडा भुवईत घुसते.

"हे कशाने झालं?" मी विचारलं.

"फांदी लागली. आणि तुम्ही कोण विचारणाऱ्या? त्याची सुटका करायला आलात ना, काकू? जुनं प्रेम जागं झालं?"

"प्रेम? त्याच्या शवपेटीला मी स्वतः फळ्या विकत घेईन. पण गुन्हा त्याचा असायला हवा, दुसऱ्याचा नको."

"माझ्या बापाशी तो भांडला, त्याच्या रायफलीने बाप मेला. अजून काय पाहिजे?"

"तू पाच नंबरवर होतास. तिथून सात जवळ. बापाशी तुझंही पटत नव्हतं, दोघांमधलं विळ्याभोपळ्याचं सख्य गावाला माहीत आहे."

तो अंगावर आला. आतून त्याची आई मारिएता ओरडली, "ग्रेगा, सरक बाजूला! त्यांना सांग ते मॅग्नमचं."

ग्रेगाचं तोंड लाल झालं. मारिएतानेच सांगून टाकलं. पोराने मिरवायला म्हणून भलामोठा मॅग्नम, जबर बाराची रायफल, घेतला होता. माझ्या कारखान्यात दाखवायला आणला, तेव्हाच मी बजावलं होतं, "आपल्या रानात डुक्कर चाळीस पावलांवर दिसतं, एवढा बार कशाला? धक्का सोसायला शिक आधी." ऐकतो कोण? शनिवारी पहिल्याच गोळीला त्याच्या स्वतःच्या दुर्बिणीने त्याला फोडलं होतं. लाजेने तो फांदीचं नाव सांगत होता.

पटण्यासारखं होतं. लुडविकला मारणारी रायफल तर दुर्बिणीशिवाय झाडली गेली होती. तिने कुणाची भुवई फुटणं शक्यच नव्हतं.

"लुडविक काही बोलला होता का, शिकारीला जाण्याआधी?" मी मारिएताला विचारलं.

"म्हणाला, रात्री सगळ्यांसमोर एकाची टोपी उतरवणार. मंडळातून काढायचं होतं कुणालातरी. मला वाटलं, विन्कोच." तिने एप्रनने डोळे पुसले. "पण महिनाभर त्याच्या डोक्यात ती दोन पिल्लं होती. ऑक्टोबरमध्ये दरीत सापडलेली, अस्वलाची, आई नसलेली. म्हणायचा, आई आपोआप नाहीशी होत नाही, पिल्लांची आई मारायला बंदी असून कुणीतरी मारून पुरलीय. आणि ज्याने ते रोखायचं, त्यानेच."

रानात असं काही रोखायचं काम एकाच माणसाचं असतं. ते नाव माझ्या मनात आलं आणि मी ते तिथल्या तिथे हाकलून दिलं. पायऱ्या उतरताना मात्र मला ते सॉसेज आठवलं. दाढ दुखणारा माणूस दगडासारखं सुकं सॉसेज कसा चावतो? आणि तेही गळपट्ट्याखालच्या सुजलेल्या गालानेच?

५

शनिवारची तीन डुकरं मंडळाच्या थंड खोलीत तशीच टांगलेली होती. पोलिसांनी मांस वाटू दिलं नव्हतं. किल्ली कोबालकडे होती. तो कुरकुरत माझ्याबरोबर आला.

"डुकरांची साक्ष घेणार का आता? काल कुत्र्याची घेतलीत म्हणे."

"माणसं खोटं बोलतात तेव्हा काय करणार?"

आमच्याकडे जनावर पडलं, की शिकारी आधी टोपी काढतो आणि मग हिरवी डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवतो. तो त्याचा शेवटचा घास. तो दिल्याशिवाय जनावर हलवणारा माणूस आमच्यात जन्माला आलेला नाही. दारुडा असो, चोर असो, घास देणारच. आणि त्यालाही नियम आहे. ओक, पाइन, स्प्रूस, फर आणि आल्डर, एवढीच झाडं चालतात. बीच चालत नाही.

पहिल्या डुकराच्या जबड्यात स्प्रूस होती. बोटाला टोचली. दुसऱ्यातही स्प्रूस. तिसरं सगळ्यात मोठं, राडोचं. त्याच्या जबड्यातली डहाळी मी ओढून काढली आणि बोटांवर घासली. ती टोचली नाही. पानं चपटी, मऊ. उलटून बघितली, तर प्रत्येक पानाच्या खालून दोन पांढऱ्या रेषा. ही फर होती.

"राडो कुठल्या जागेवर होता?" मी विचारलं.

कोबालने वही काढली. "तीन नंबर. इथून सगळ्यात जवळ. म्हणतो, हाका सुरू होताच त्याने डुक्कर पाडलं आणि शिंग वाजेपर्यंत तिथून हलला नाही."

तीन नंबरला सगळं बीचचं रान आहे. नोव्हेंबरात त्यावर एक हिरवं पान नसतं. मी डहाळी रुमालात गुंडाळली.

६

मंगळवारी लुडविकला पुरलं. शिंगं वाजली, प्रत्येक शिकाऱ्याने खड्ड्यात एकेक डहाळी टाकली. राडोनेही टाकली. मग सगळे मंडळाच्या घरात जेवायला बसले. मांसाच्या रश्शाची, गुलाशची पातेली, अक्रोड भरलेला गोड पाव पोटित्सा, स्लिवोव्का. मी विन्कोची रायफल घेऊन आत गेले तशी बडबड थांबली. मागून कोबाल आला.

"हिला कोणी बोलावलं?" कुणीतरी म्हणालं.

"कुणी नाही. दोन मिनिटं बोलते आणि जाते. मग खुशाल शिव्या द्या." मी रायफल राडोपुढे धरली. "राडो, जरा खांद्याला लाव."

"कशाला, मावशी?"

"लाव तर."

"लाव ना एकदाची," ग्रेगा खेकसला. "म्हणजे ही बया जाईल तरी."

राडोने रायफल उजव्या खांद्याला लावली.

"बघा," मी म्हटलं. "हा दस्ता डावखुऱ्यासाठी वाकवलेला आहे. उजव्या माणसाने लावला, की तो बाजूला राहत नाही, गालात घुसतो. विन्कोने दस्त्याच्या बाहेरच्या अंगाला काडतुसांचा चामडी पट्टा बांधलाय. त्याचं पितळी बक्कल आत्ता राडोच्या गालावर टेकलंय. आणि या बोअरचा धक्का तुम्ही सगळे जाणता. राडो, गळपट्टा काढ."

त्याने काढला नाही. कोबालने पुढे होऊन काढला. उजव्या गालाच्या हाडावर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन निळाजांभळा उमटला होता, मधल्या आडव्या दांडीसकट.



मी रुमाल उलगडला. "ही तुझ्या डुकराच्या तोंडातली फर. हाताला लागेल अशी फर सबंध रानात सात नंबरच्या कुंपणातच आहे. मला तूच सांगितलंस, माझं सॉसेज खाता खाता. हाका सुरू होताच तू डुक्कर पाडलंस, मंडळाच्या घरातून विन्कोची रायफल उचललीस. दुर्बीण वाकडी हे माहीत होतं, म्हणून ती काढून लोखंडी नेमाने मारलंस. परतताना कुंपणापाशी डहाळी मोडायला हात आपोआप गेला, मग दुर्बीण पुन्हा बसवून रायफल होती तिथे टांगलीस."

राडोने रायफल हळूच टेबलावर ठेवली. "पिल्लं मला दिसलीच नव्हती," तो म्हणाला. "अस्वलीण अंगावर आली, मी गोळी झाडली. नंतर पिल्लं बाहेर आली. मी लुडविकच्या पाया पडलो होतो. तो म्हणाला, सगळ्यांसमोर टोपी उतरवीन. मग माझं काय राहिलं असतं? रान गेलं असतं, नोकरी गेली असती."

"आणि विन्कोच का?"

"त्याच्यासाठी कोण रडणार होतं, मावशी?" त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी पूर्वीसारखं, मायेने. "मला वाटलं, तुम्ही तरी नक्कीच नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला संताप आला. "डहाळी कशाला मोडलीस, मूर्खा? नुसता आला असतास तर सुटला असतास."

"तीन नंबरवर नुसतं बीच. जनावराला घासाशिवाय कसं सोडायचं?"

"आणि लुडविकला?"

मारिएता उठली, राडोसमोरची ताटली उचलून घेतली आणि गुलाश परत पातेल्यात ओतला. मग कोबालने त्याला नेलं.

बुधवारी विन्को कारखान्यात आला. कोट उघडून आत बारूनला धरलं होतं. भट्टीत राडोची लाकडं जळत होती. लाकडांचा काय दोष?

"आभार मानायला आलेलो नाही," विन्को म्हणाला.

"मानलेस तर हाकलून देईन."

"याचे टाके सुटलेत."

"सुटणारच. ते टाके होते की तुझा स्वभाव?"

मी टेबल रिकामं केलं, बारूनला दिव्याखाली निजवलं. विन्कोने त्याचं डोकं धरलं.

"तुला वाटलं होतं का," त्याने विचारलं, "की मीच मारलं?"

"नाही," मी म्हटलं. "वाटावं असं फार वाटत होतं."

त्याने मान हलवली, बारूनचं डोकं आणखी घट्ट धरलं, आणि मी सुईत दोरा ओवला.